वाचन पुन्हा लागलं ते रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथांमुळे

निशाचर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

ज्यांचं वाचन सुटलंय आणि त्याची चुटपुट लागून राहिलीय, त्यांच्यासाठी हा धागा.

मधली काही वर्षं माझं वाचन जवळजवळ बंद होतं. प्रदर्शनातून पिशवी भरून पुस्तकं आणणं चालू होतं, वाचणं तेवढं होत नव्हतं. पुस्तक उघडायचं, दहा-बारा पानं व्हायची, खूण घालून मिटायचं. पुन्हा उघडलं की मागचं काही आठवत नसे. नोकरीत दिवसभर निविदा आणि करारनामे वाचायचे असतात, त्यामुळे संध्याकाळी डोळ्यांना अक्षर नको होतं असं म्हणावं, तर त्याच डोळ्यांपुढे मध्यरात्रीपर्यंत फोन असायचा.

कपाटाकडे नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्यातलं प्रत्येक पुस्तक 'वाचायला हवं' या खात्यातलं आहे. पुरस्कार मिळालेलं, चर्चेतलं, मित्रानं 'अजून वाचलं नाहीस?' म्हणून विचारलेलं. 'पुढे काय झालं ते कळल्याशिवाय झोप लागणार नाही' असं वाटायला लावणारं त्यात एकही नव्हतं.

मग मावशीकडे राहायला गेलो असताना माळ्यावरच्या ट्रंकेत भयकथाकार नारायण धारपांची जुनी पुस्तकं हाती लागली. मुखपृष्ठं गेलेली, पानं पिवळी, मध्येच कुणाच्या तरी शाईचे डाग. 'समर्थ'च्या कथा वाचायला घेतल्या आणि उजाडलं कधी ते कळलं नाही.

शाळेत असताना धारप वाचले की नुसती भीती वाटायची. आता ती भीती कशी रचलीय ते दिसायला लागलं. धारपांना घाई नसते. ते आधी घर दाखवतात. ओसरी, माजघर, जिना, वरची खोली, खोलीची कडी आतून आहे की बाहेरून. माणसं साधी, हिशेबी, देवधर्म बेताचा करणारी. चहा होतो, सामान लागतं, शेजारी येऊन चौकशी करून जातात. या सगळ्यात एकच गोष्ट जागेवर नसते आणि कथेतल्या कुणाचंच तिच्याकडे लक्ष जात नाही. आपलं मात्र तिथेच अडकून राहतं. एवढं सगळं सरळ, छोट्या वाक्यांत. 'भयंकर', 'भेसूर' असले शब्द फार थोडे.

तिथून पुढे रत्नाकर मतकरींची 'खेकडा' आणली, सुहास शिरवळकरांचा रहस्यकथानायक फिरोज इराणी शोधून काढला, जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' पुन्हा वाचली. आता रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो आणि त्याची आठवणही होत नाही. कपाटातली जाडजूड पुस्तकंसुद्धा हळूहळू हलायला लागलीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की या साहित्याला आपण 'प्रवासात वाचायचं' म्हणून उगाच बाजूला ठेवलं. पान उलटावंसं वाटणं ही वाचकाची पहिली भूक आहे. ती मेली की उरलेलं सगळं वाचन कर्तव्य होऊन बसतं.

तुमचं वाचन कधी सुटलं होतं का? परत आलात ते कुणाचं बोट धरून? आणि लहानपणी आवडलेलं मोठेपणी वाचल्यावर काय वाटलं, तेही लिहा.

शुचि_म

+१. धागा फार आवडला, वाचनखूण साठवली आहे.

मी आठवी-नववीला मराठी शिकवते. 'मुलं वाचत नाहीत' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकते, आणि मला ते पटत नाही. पोरांना वाचायला काय देतो ते आधी बघायला हवं. थोरांची चरित्रं, बोधकथा आणि वर 'यातून काय शिकलात ते दहा ओळींत लिहा'. कुठल्या मोठ्या माणसाला असं वाचायला आवडेल?

मी वर्गात फास्टर फेणे मोठ्यानं वाचून दाखवते. तासाची शेवटची दहा मिनिटं, आणि मुद्दाम ऐन मोक्याच्या जागी थांबते. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल भन्नाट हाणतो आणि तोंडानं 'ट्टॉक' करतो. आजच्या मुलांना सायकलवरून गुन्हेगारांच्या मागे लागणारा मुलगा जुनाट वाटेल अशी मला धास्ती होती. तसं काही झालं नाही. एक मुलगा प्रकट वाचनाला उभा राहिला की घामाघूम व्हायचा. तो मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, "बाई, पुस्तक आजच्या दिवस घरी नेऊ का? फक्त पुढचं प्रकरण." दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं ते सगळं संपवूनच. अजून तो मोठ्यानं वाचताना अडखळतो, पण मनातल्या मनात सुसाट वाचतो, हे मला त्या दिवशी कळलं.

२०१७च्या सिनेमाचाही चांगला उपयोग होतो. त्यात खुद्द भा. रा. भागवत हे एक पात्र आहे, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. 'हे आजोबा खरंच होते, त्यांनीच हे लिहिलंय' असं सांगितलं की मुलांचे डोळे चमकतात. त्याच भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, म्हणजे फेणेच्या शेजारीच पुढचं कपाट उघडून ठेवलेलं आहे.

ग्रंथपाल_निवृत्त

निशाचर, चांगला विषय काढलात. माझं सगळं आयुष्य तालुक्याच्या गावी एका शासनमान्य 'ब' वर्ग ग्रंथालयात गेलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे कुठे नोंदलेलं नाही.

आमच्याकडे सर्वांत जास्त देवघेव व्हायची ती बाबूराव अर्नाळकरांची. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेला माणूस. धनंजय-छोटू, झुंजार आणि त्याची विजया, काळापहाड, यांची नावं माझ्या वाचकांना नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ होती. एसटीचे कंडक्टर, पतपेढीतले कारकून, दुपारची कामं आटोपून येणाऱ्या बायका, तलाठी, हमाल. कित्येकांचं शिक्षण चौथी-सातवीपर्यंत झालेलं. काउंटरवर पुस्तक ठेवायच्या आधीच विचारायचे, "भाऊ, नवा झुंजार आला का?" नाही म्हटलं की चेहरा पडायचा.

ही पुस्तकं इतकी फिरायची की बाइंडरकडे वर्षातून दोनदा पाठवावी लागत. पहिलं आणि शेवटचं पान आधी जायचं. रहस्यकथेचं शेवटचं पान नसणं म्हणजे काय, ते वाचणाऱ्यालाच विचारा. ज्याला शेवट ठाऊक असेल त्याला लोक गाठून विचारायचे. आम्ही मग गहाळ पानांचा मजकूर दुसऱ्या प्रतीवरून हातानं उतरवून आत चिकटवायचो. काही महाभाग पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवत. ते खोडत बसणं हे आमच्या शिपायाचं एक कामच होतं.

आमच्या कार्यकारी मंडळाला ही पुस्तकं मात्र नको असत. अनुदानाच्या तपासणीला अधिकारी येणार म्हटलं की अर्नाळकर, गुरुनाथ नाईक आणि शिरवळकरांचं कपाट आतल्या खोलीत जायचं. नवी खरेदी करताना 'वाङ्मयीन मूल्य' बघा असा आग्रह असे. त्यामुळे जुन्या प्रती फाटल्या, भिजल्या, रद्दीत गेल्या, आणि त्यांच्या जागी नव्या कुणी घेतल्या नाहीत. गावानं सर्वांत जास्त वाचलेली पुस्तकं गावाच्या ग्रंथालयात आज नाहीत. ही गोष्ट मला अजून डाचते.

आणि वाचक तिथेच थांबतो हे साफ खोटं. दाखल नोंदवही आणि देवघेवीची वही दोन्ही माझ्या हाताखालून जात होत्या. अर्नाळकरांपासून सुरुवात केलेला माणूस काही वर्षांत ऐतिहासिक कादंबरीकडे, तिथून आत्मचरित्रांकडे, तिथून कुठेही जायचा. काही जण आयुष्यभर रहस्यकथाच वाचत राहिले. तेही मला तितकेच जवळचे वाचक वाटले. म्हातारपणी मोतीबिंदू काढल्यावर पट्टी सुटली त्या आठवड्यात ग्रंथालयात आलेले आजोबा मी पाहिलेत.

नदीकाठचा

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

वाचन परत आलं याचा आनंद आहेच. पण धाग्यात एक गृहीतक आहे की ज्याच्यामुळे पान उलटावंसं वाटतं ते चांगलं. फोनवरचे तीस सेकंदांचे व्हिडिओही एकापुढे एक बघावेसे वाटतातच. ओढ लावणं ही तंत्राची करामत आहे, गुणवत्तेची खूण नव्हे. फरसाण कितीही चविष्ट असलं तरी ते खाऊन जेवण होत नाही.

मी अलीकडे अर्नाळकर पुन्हा वाचून पाहिले. योगायोगावर योगायोग. खलनायक नेमका त्याच वेळी त्याच ठिकाणी. वेषांतर केलं की सख्खा भाऊ ओळखत नाही. माणसं काळी किंवा पांढरी. कठीण, सावकाश वाचायच्या कादंबऱ्या माणसाला आतून हलवतात, स्वतःबद्दल नको ते प्रश्न विचारायला लावतात. ती ताकद इथे आहे का? लोक इथेच रमले तर तसं लिहिणाऱ्यांना वाचक कुठून मिळणार?

निशाचर (धागाकर्ता)

नदीकाठचा, राग कसला! नेमका मुद्दा काढलात.

व्हिडिओ आणि रहस्यकथा यांच्यातला फरक मी रोज अनुभवतो. तासभर व्हिडिओ बघून उठलो की काय पाहिलं ते सांगता येत नाही. धारपांची कथा वाचून उठलो की त्या घराचा नकाशा काढून देऊ शकतो. वाचताना ते घर मी बांधलेलं असतं, त्यातला अंधारही माझाच असतो. रहस्यकथा वाचणारा तर सतत कामात असतो. कोण खोटं बोलतंय, ही वस्तू आत्ताच का दाखवली, मघाशी तो म्हणाला होता त्याच्याशी हे जुळतं का. इतकं सावध वाचन मी करारनाम्याचंही करत नाही.

अर्नाळकरांच्या योगायोगांबद्दल सहमत आहे. पण त्यांची वाक्यं बघा. छोटे संवाद, प्रत्येक संवादानं कथा एक पाऊल पुढे. नवसाक्षर माणसाला धाप न लागता शंभर पानं पार करून देणारं गद्य लिहिणं सोपं नाही. ग्रंथपालकाकांच्या काउंटरवरची ती रांग याच गद्यानं लावली होती.

कृष्णविवर७४

माझ्या नावावरून ओळखलंच असेल की मी कुठल्या बाजूनं बोलणार.

'योगायोग आणि काळी-पांढरी माणसं' हा आक्षेप सगळ्या प्रकाराला लागू होत नाही. 'कृष्णविवर' ही नारळीकरांची पहिली विज्ञानकथा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाच्या दबदब्यामुळे बक्षीस मिळू नये म्हणून. बक्षीस मिळालंच. जगभर नाव असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला या प्रकाराबद्दल किती आस्था होती ते यातून कळतं. गेल्या वर्षी, २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी त्यांच्या शोधनिबंधांच्या आधी त्यांच्या कथांची आठवण काढली.

आता 'आतून हलवण्या'बद्दल. 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अशा जगात जाऊन पोचतात जिथे पानिपतचा निकाल उलटा लागलाय. ते काय करतात? थेट ग्रंथालय गाठतात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून वाचत बसतात, कुठल्या पानावर इतिहासानं वळण घेतलं ते शोधायला. विश्वासरावांना गोळी लागली की कानाजवळून गेली, एवढाच तो फरक. मग आझाद मैदानावर एक सभा चाललेली दिसते आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी. आपल्या जगात हजारभर सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना ते सहन होत नाही. ते जाऊन बसतात, आणि त्या जगातल्या, अध्यक्षीय भाषणांना कंटाळून ती प्रथाच मोडून टाकलेल्या लोकांचा संताप ओढवून घेतात.

मी ती कथा कॉलेजात वाचली तेव्हा पानिपतात रमलो होतो. आता वाचली तर त्या खुर्चीपाशी थांबलो. ज्या जगाला आपली गरज नाही तिथेही सवयीनं जाऊन बसणारा विद्वान माणूस. याहून नको तो प्रश्न कुठला विचारायचा?

मांडवीतीर

गोव्याहून लिहितोय. गुरुनाथ नाईकांचं नाव आलं म्हणून राहवलं नाही, ते आमचे.

माझ्या वडिलांच्या पिढीत कित्येक घरांत पूजेच्या पोथ्यांशिवाय मराठी पुस्तक नसायचं. त्यात नाईकांच्या पातळ, रंगीत कव्हरांच्या कादंबऱ्या आल्या. त्यांचा नायक कॅप्टन दीप सीमेवर, शत्रूच्या मुलखात, बर्फात, वाळवंटात. आमच्या गावात एका पानवाल्याकडे त्या भाड्यानं मिळत. अनामत ठेवायची, वाचून परत द्यायची, दुसरी घ्यायची. वडील रात्री कंदील जवळ ओढून वाचत आणि आम्ही पोरं पाठीमागून डोकावायचो. त्यांचं मराठी सुधारलं ते या कादंबऱ्यांनी, हे ते स्वतः सांगत. नाईकांनीही हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या आणि २०२१ मध्ये ते गेले. एवढ्या माणसांना वाचायला लावणाऱ्या लेखकाची साधी सूचीसुद्धा सहज हाती लागत नाही. ग्रंथपालकाका म्हणतात तेच इथेही झालं.

धारपांबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. त्यांच्या काही कादंबऱ्यांचा सांगाडा परका आहे. 'लुचाई' आणि स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' एकापाठोपाठ वाचा, नातं लगेच दिसेल. हे ठाऊक असूनही मला 'लुचाई' आवडते. गाव, वाडा, माणसांची बोली, संकटापुढे कोण काय करतं, हे सगळं मराठी मातीत पुन्हा लावलेलं आहे. पण वाचकाला उगम ठाऊक असावा, आणि नव्या आवृत्तीला चांगली प्रस्तावना लिहून कुणीतरी ते सांगावं. त्यात धारपांचा मान कमी होत नाही. उसनं किती आणि त्यांचं स्वतःचं किती ते उलट नीट कळेल, आणि त्यांचं स्वतःचं पुष्कळ आहे. 'तुंबाड' सिनेमातली ती आजी बघून दचकलेल्यांना तिचं मूळ धारपांच्या कथेत सापडेल, आणि त्या कथेचं मूळ पुन्हा किंगच्या 'ग्रॅमा'त.

अनामिका_ठाणे

सगळे प्रतिसाद वाचले. छान चाललंय.

मला लहानपणी आवडलेलं सगळंच मोठेपणी झेपलं नाही, हेही लिहायला हवं. जुन्या रहस्यकथांमधल्या बायका बहुतेक वेळा एक तर पळवून नेण्यासाठी असतात किंवा मोहात पाडण्यासाठी. तिच्या साडीचं वर्णन अर्धं पान आणि तिच्या डोक्यात काय चाललंय त्याला एक ओळ नाही. बारा वर्षांची असताना मी सरळ झुंजार व्हायचे, म्हणून ते टोचलं नाही. आता टोचतं.

म्हणून मी जुन्याकडे परत जाण्याऐवजी शेजारच्या वाटा शोधल्या. शुभदा गोगटेंची 'यंत्रायणी' वाचा, संगणक आपल्या घराघरांत यायच्या आधीची आहे. मेघश्री दळवींच्या विज्ञानकथा वाचा. रोहन प्रकाशनानं अशोक जैनांच्या अनुवादातून सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा मराठीत आणलाय, तो मुलांबरोबर वाचा. भयकथेत हृषीकेश गुप्ते वाचा. 'अंधारवारी'पासून सुरुवात करा आणि मग 'दंशकाल'कडे जा. तिथे पोचल्यावर भयकथा कुठे संपली आणि 'गंभीर' कादंबरी कुठे सुरू झाली ते मला दाखवून द्या, नदीकाठचा. मला ती रेघ सापडली नाही.

आणि मतकरी. त्यांच्या गूढकथेत भूत असेलच असं नाही. पुष्कळदा घरातल्याच माणसाच्या मनात काहीतरी साठत गेलेलं असतं, आणि शेवटच्या दोन ओळींत ते आपल्यासमोर येतं. बाळंतपणानंतर माझं वाचन पूर्ण थांबलं होतं. सलग तीनशे पानांची ताकद नव्हती, सलग वीस मिनिटंही मिळत नव्हती. मतकरींची एक कथा तेवढ्या वेळात व्हायची. बाळ झोपलेलं असायचं आणि मी पाळण्याची दोरी ओढता ओढता वाचायचे. कुणी मला 'वाचनाची सवय कशी लावून घ्यावी' यावर व्याख्यान दिलं असतं तर मी रडले असते. मतकरींनी फक्त गोष्ट सांगितली.

रेवा_दुबई

अनामिकाताई, शेवटचा परिच्छेद वाचून गलबलून आलं. अगदी हेच.

आमच्याकडे इथे मराठी पुस्तकांची मुख्य वाट म्हणजे 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा हा उपक्रम, विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेला. वाचकांच्या गटाला पुस्तकांची पेटी मिळते, वाचून झाली की गट आपसात पेट्या बदलतात. आमच्या गटात पेटी उघडली की सगळ्यांच्या आधी कुठली पुस्तकं उचलली जातात ते सांगायलाच नको. विज्ञानकथा आणि गूढकथा वर येतात, वैचारिक पुस्तकं तळाशी राहतात.

एक निरीक्षण. इथे वाढलेली आमची मुलं मराठी बोलतात, पण वाचायला कंटाळतात, जोडाक्षरांपाशी अडतात. माझ्या लेकीनं संपवलेलं पहिलं मराठी पुस्तक नारळीकरांचं. त्यातल्या एका कथेत गणपती उजव्या सोंडेचा कसा झाला याचं उत्तर मोबियस पट्टीत आहे, हे तिला कळलं तेव्हा तिनं कागदाची पट्टी कापून, अर्धा पीळ देऊन, टोकं चिकटवून मला दाखवली आणि पेन्सिलीनं मधोमध रेघ ओढत नेली. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून सुरुवातीला आली. मग पुन्हा पुस्तक घेऊन बसली. जोडाक्षरं तिथेच होती, पण अडली नाही.

ऑडिओबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या आईची नजर अधू झाल्यापासून ती भारतात कानांनी वाचते. भयकथा ऐकताना मात्र शेजारच्या काकूंना सोबतीला बोलावते.

निशाचर (धागाकर्ता)

रेवाताई, तुमची लेक मोठी वाचक होणार.

काही जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून 'सुरुवात कशापासून करू' असं विचारलंय. मी कथासंग्रह सुचवेन. कादंबरी अर्धवट सोडली की मन खट्टू होतं, कथा एका बैठकीत होते. दिवाळी अंकही चांगले. 'धनंजय'चा तर भरच रहस्य, गूढ आणि विज्ञानकथांवर असतो, आणि जुने 'नवल' कुठे मिळाले तर सोडू नका. आणि पहिल्या पाच पानांत कथेनं धरलं नाही तर खुशाल दुसरी घ्या.

मांडवीतीर, सूचीचा मुद्दा मनावर घेतलाय. ग्रंथपालकाका, तुमच्या आठवणीतून आणि आपल्याकडच्या प्रती तपासून अर्नाळकर-नाईकांची यादी इथेच करायला घेऊ या का? ज्याच्याकडे प्रत असेल त्यानं मुखपृष्ठाचा आणि प्रकाशकाच्या पानाचा फोटो टाकावा.

ग्रंथपाल_निवृत्त

जरूर. पण नाव, नायक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठं, असे रकाने आधी ठरवून घ्या, नाहीतर पुढे गोंधळ होतो. एकच कथा दोन नावांनी छापलेली सापडते, तेव्हा पहिली दोन वाक्यंही टिपून ठेवा. आणि प्रत कोरडी ठेवा. हा कागद पावसाळ्यात लगेच ठिसूळ होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट होऊन बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळा.

नदीकाठचा

अनामिका आणि कृष्णविवर यांनी अंगावर घेतल्यामुळे मी नारळीकर काढले. गंगाधरपंत आधी वाचले होते, म्हणून 'धूमकेतू' वाचली. माझा मूळ आक्षेप कायम आहे, पण या कथेबद्दल भांडायचंय.

दत्ताबाबूंना धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं. लंडनला शास्त्रज्ञांची गुप्त बैठक होते, धूमकेतूला वाटेवरून ढकलायची योजना ठरते. इकडे घरी इंद्राणीदेवी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ करायचं ठरवतात आणि दत्ताबाबू चिडतात. संकट टळतं, आणि यज्ञामुळेच टळलं असं घरच्यांना वाटत राहतं. लेखकाची सहानुभूती कुणाकडे आहे ते उघड आहे.

पण मला इंद्राणीदेवींवर अन्याय झालेला वाटतो. नवरा जगाचं भवितव्य ठरवणाऱ्या बैठकीला जाऊन येतो आणि घरात काही सांगू शकत नाही. तिला संकटाची चाहूल लागलेली आहे, माहिती मात्र कुणी देत नाही. मग तिच्या हाताशी जे साधन आहे ते ती वापरते. विज्ञान गुपित ठेवायचं आणि वर लोक विज्ञाननिष्ठ नाहीत म्हणून खंत करायची, हे कसं? काल रात्रभर हेच डोक्यात होतं.

कृष्णविवर७४

वा! या कथेवर असं बोलणारं मला आजवर कुणी भेटलं नव्हतं.

तुमचा अर्धा मुद्दा मान्य. बैठक गुप्त ठेवण्यामागे कथेतलं कारण लोकांमध्ये घबराट पसरू नये हे आहे, आणि ती काळजी खोटी नाही. पण 'लोकांना कळलं तर ते घाबरतील' असं मूठभरांनी ठरवायचं, ही अडचण खरीच आहे, आणि कथा तिथे फार थांबत नाही. मात्र दत्ताबाबूंची ती शेवटची खंत एकट्या इंद्राणीदेवींबद्दल नाही. एकाच छपराखाली दोन शतकं नांदतायत, ती एकमेकांशी कधी बोलणार, असं मी ते वाचतो. त्यांचा नातूच यज्ञाला बसतो हे विसरू नका. म्हणजे प्रश्न पुढच्या पिढीपर्यंत गेलाय.

बायकांवरच्या अन्यायाचा विषय काढलाच आहे तर आता नारळीकरांचीच 'पुत्रवती भव' वाचा. मुलगाच व्हावा याची सोय विज्ञानानं करून दिली तर समाजाचं काय होईल, त्यावरची कथा आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९८८ साली आला, देशात १९९४ साली. कथा त्याच्या आधीची. अनामिकाताई, तुम्हीही वाचून या. तिच्यातल्या बायकांना स्वतःचं काही म्हणायला मिळतं की नाही, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.